तोंड न लागलेला पाव

खा रे पोरांनो, आधी खा. ताटात काही टाकून उठलात तर गोष्ट नाही. ही बटाटा भरलेली पिरोगी गार झाली की चिकट होते, मग ती गिळायला घोड्याचा घसा लागतो. अगं कायला, तू ते सॉसेज हळूच डेव्हिनच्या ताटात सरकवलंस, मी पाहिलं बरं का. दिवसभर वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारून आलात आणि चिमणीसारखं टिपताय काय?

झोपायचं इथेच, बर्फावरच्या हॉकीच्या हॉलच्या या स्वयंपाकघरात. उन्हाळ्यात इथे कुत्रं फिरकत नाही, आणि किल्ली माझ्याकडे असते. बाहेर तंबू ठोकलात तर या वाऱ्यात सकाळी उडून पलीकडच्या मॅनिटोबा प्रांतात उठाल.

मघाशी डेव्हिन म्हणाला, आजोबा, या माळावर भुतं कुठली, लपायला झाड तरी आहे का? अरे शहाण्या, लपतो तो चोर. भुताला लपायचं काय कारण?

तर ऐका. ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या शेजाऱ्याची आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मी स्वतः गेलो होतो. नेस्टर हालुश्चाक त्याचं नाव. चर्चच्या पलीकडचं हिरवं घर त्याचं. शाळेची बस चालवतो. पन्नाशी उलटली तरी सायकलचं वेड काही सुटलं नाही. तुमच्यासारखंच, एका दिवसात शंभर-सव्वाशे मैल. ती घट्ट काळी चड्डी घालून निघाला की म्हाताऱ्या खिडकीचे पडदे ओढून घेतात आणि मग फटीतून बघतात.

तीन वर्षं झाली. सत्तावीस जुलैची रात्र, गुरुवार. त्या वर्षी पाऊस नव्हता, आणि पाऊस नसला की आमच्याकडे नाकतोडे असतात. तुम्ही सास्काटून शहरातली पोरं, तुम्हाला बागेतले चार ठाऊक. मी बोलतोय ते रस्ता हलतोय असं वाटायला लावणारे. मी उंदीर पाहिलेत, फुगलेल्या मेलेल्या गाई दोरानं ओढल्यात, कशाची शिसारी आली नाही. नाकतोड्याची येते. हातात धरला की तपकिरी थुंकी टाकतो, ती साबणानंही जात नाही. वाळत घातलेला सदरा खातो, फावड्याचा दांडा कुरतडतो. माणसाचा घाम जिथे लागला ते त्याला सगळ्यात गोड लागतं. गाडीखाली चिरडले की रस्ता बुळबुळीत होतो, आणि ती घाण खायला पुन्हा नाकतोडेच येतात. आपल्याच भावंडांची. शी.

आता नेस्टरच्या आजोबांचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. प्रोकिप हालुश्चाक. त्यांचं शेत इथून सव्वाशे मैल पश्चिमेला, उद्या तुम्ही त्याच रस्त्याला लागणार. माझे वडील तेव्हा शेजारच्या शेतावर राबायचे. नाकतोड्यांचीच वर्षं होती तीही. त्या काळी मारायला औषध म्हणजे काय? गव्हाचा कोंडा, लाकडाचा भुसा, वर काकवी, आणि त्यात सोमलाचं विष. मोठ्या टबात कालवायचं आणि शेताच्या कडेनं फेकायचं. वास असा गोड की कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावं.

त्या उन्हाळ्यात कामाच्या शोधात खूप माणसं फिरत होती. कोणी मालगाडीवर चढून, कोणी पायी. एक जण सायकलवरून आला. दोन दिवसांचा उपाशी. प्रोकिपच्या दाराशी उतरला आणि टोपी काढून म्हणाला, काही खायला मिळेल का.

आमच्या लोकांत एक गोष्ट आहे. भांडण झालं तर आम्ही कोणाचा बाप काढत नाही. 'त्याच्या दारातून माणूस उपाशी गेला' एवढंच म्हणतो. त्या घरात मग सून म्हणून मुलगी कोणी देत नाही. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आणि प्रोकिप म्हणजे महाकंजूष, कवडीचुंबक. घरात पाव होता, पण तो घरच्यांना. त्यांनी पत्र्याचा वाडगा घेतला, कोठारात गेले, टबात बुडवला आणि भरून आणून दिला. माझे वडील कुंपणापाशी उभे होते. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय, आता हसतील आणि काढून घेतील.

काढून घेतलं नाही. त्या माणसानं सगळं खाल्लं. वाडगा चाटून पुसून परत दिला, गोड होतं म्हणाला, आभार मानले आणि निघाला. थोडं पुढे गेल्यावर पोटात कळ आली असावी, कारण वारा पाठीवर घेऊन तो मागे वळला. पूर्वेला आठ मैलांवर पडला. तिथे सरळ रस्त्यात एक वाकडं वळण आहे. मोजणीवाल्यांची रेघ चुकली की ती सांधायला रस्ता असा मध्येच एका बाजूला सरकवतात, तसं. त्या वळणाशी शेतातले दगड काढून रचलेला ढीग होता. त्यातच त्याला पुरला. सायकल डबक्यात टाकली. नाव कोणी विचारलंच नव्हतं.

आणि हालुश्चाकांनी त्याची काय कथा केली माहीत आहे? एक चोर आला होता, चोरून टबातलं खाल्लं, मेला. लग्नाच्या जेवणात नेस्टरचा काका पोट धरून लोळून दाखवायचा आणि लोक हसायचे. नेस्टरही हसायचा. मी समोर बसलेलो असायचो. अन्न तोंडात फिरायचं माझ्या.

वडिलांनी हे मला मरायच्या वर्षी सांगितलं होतं, म्हणून. मी नेस्टरला सांगितलं सव्वीस जुलैच्या संध्याकाळी. कारण असं, की ते शेत विकलं गेलं होतं आणि नवा मालक रिकामं घर जाळणार होता. भिंतीवर नेस्टरच्या आजीची येशूच्या आईची तसबीर राहिली होती, ती आणायची होती. नेस्टर म्हणाला, शेवटचं एकदा आजोबांच्या घरी सायकलनंच जातो, रात्री तिथेच पडतो, सकाळी हॅरी, तू ट्रक घेऊन ये. मी म्हटलं, येतो, पण जातोस त्या घराचं खरं काय ते ऐकून जा.

तो लालबुंद झाला. म्हणाला, तुझ्या बापाला लांबचं दिसत नव्हतं. मग मला बोट दाखवून म्हणाला, "हालुश्चाकांच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर जाणारही नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

सकाळी उजाडताना निघाला. बायकोनं रात्रीसाठी पाव बांधून दिला, घरी भाजलेला, आणि लसणाचं सॉसेज. पिशवी हँडलला. दुपारपर्यंत झकास चाललं. समोरून येणारे ट्रकवाले स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून राम राम करत होते, हाही करत होता. एका गावात कॉफी घेतली, पाय खाल्ला... हसू नका, तो गोड पाय. फळांचा.

दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला. तो काय असतो ते आज तुम्ही भोगलंत. सपाट रस्त्यावर चढ चढल्यासारखं. आणि त्यात नाकतोडे. गालावर, चष्म्यावर, उघड्या तोंडात. नेस्टर म्हणाला, एक दाताखाली फुटला तेव्हा मी अर्धा मैल थुंकत होतो. चेनमध्ये चिरडून हिरवा लगदा झाला होता. पायांवर तपकिरी शिंतोडे. पाणी संपलं.

ऊन उतरलं तेव्हा तो त्या वाकड्या वळणाशी पोचला. दगडांच्या ढिगाकडे त्यानं मुद्दामच पाहिलं नाही.

वळण संपलं, आणि पुढे एक सायकलवाला होता.

शंभर पावलांवर असेल. त्याच दिशेनं चाललेला. जुनी जड सायकल, अंगात कोट. जुलैत कोट. नेस्टरला आधी बरंच वाटलं. तुम्हाला सांगायला नको, अशा वाऱ्यात सोबत मिळाली तर देवच भेटला. एकानं पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्यानं त्याच्या आड दम खायचा, मग पाळी बदलायची. ओळख असो नसो. त्यानं जोर लावून गाठलं आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटला.

वारा थांबला. एकदम. पाय हलके झाले.

मैल गेला. दुसरा गेला. पुढचा माणूस काही पाळी मागेना. नेस्टरनं हाक मारली, भाऊ, आता मी पुढे येतो, तुम्ही मागे या. मान वळली नाही. नेस्टरनं सायकल बाजूला काढून पुढे जायला पाहिलं, तर वाऱ्याची अशी थप्पड बसली की तो पुन्हा आडोशाला आला. म्हणजे बघा, खरं काय ते. त्यानं आठ मैल त्या माणसाच्या पाठीचं खाल्लं. फुकट.

तिसऱ्या-चौथ्या मैलाला त्याच्या ध्यानात आलं.

कोणाच्या आड बसलं की वारा लागत नाही. मग किडेही लागत नाहीत, बरोबर? मधे माणूस असतो ना.

वारा लागत नव्हता.

नाकतोडे लागत होते.

समोरून यायचे... आणि थेट नेस्टरच्या छातीवर. मधे ती पाठ होती. पाठीला थटत नव्हते.

नंतर वास आला. गोड. त्याच्याखाली आंबट, ओकारीचा. पुढच्यानं मान किंचित वळवली आणि थुंकला. मागे बसणाऱ्याला हे चुकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. नेस्टरच्या ओठावर पडलं ते. चिकट. त्यानं पुसायच्या आधी जिभेला लागलं...

काकवी.

मी विचारलं त्याला, मग थांबला का नाहीस रे? म्हणाला, थांबलो असतो तर तोही थांबला असता. मग त्याचं तोंड दिसलं असतं.

सूर्य बुडता बुडता आजोबांचं फाटक आलं. पुढचा थांबला. सायकल कुंपणाला टेकली, सवयीची जागा असावी तशी. टोपी काढली. आणि वळला.

नेस्टर सांगतो, चेहरा साधा होता. भीती वाटावी असा नव्हता. थकलेल्या माणसाचा. पण हनुवटीवरून तपकिरी ओघळ. कोटाची छाती त्यानं वाळून कडक झालेली, पुठ्ठ्यासारखी. दाढीत कोंडा. आणि बोलला किती नम्रपणे.

"मालक, दिवसभर पोटात काही नाही. काही मिळेल का?"

नेस्टर सायकल धरून दाराशी उभा. आजोबांच्याच. त्याला माझं आदल्या संध्याकाळचं बोलणं आठवलं, स्वतःचंही आठवलं. पिशवीत पाव होता. अख्खा. हात पिशवीकडे गेला, असं तो शपथेवर सांगतो, बक्कल उघडायला गेला होता. तेवढ्यात त्या माणसानं पंज्यानं तोंड पुसलं. आणि तोच हात पुढे केला. बोटांमधून दोरीसारखं काहीतरी लोंबत होतं.

नेस्टरनं बक्कल सोडलं. हात मागे आला.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही माझ्याकडे."

... काय म्हणतेस, कायला? हो. खोटं. आठ मैल ज्याच्या आडोशानं आला, त्याला. मला त्या माणसाच्या तोंडाची नाही येत तेवढी किळस या वाक्याची येते. आजोबांनी निदान वाडगा तरी भरून दिला होता.

तो माणूस रागावला नाही. मान हलवली, समजल्यासारखी. म्हणाला, "मग मागच्या वेळचं चालेल."

आणि कोठारात गेला.

त्या कोठारात टब होता खरा. साठ-सत्तर वर्षं कोरडा. गंजून तळ गेलेला. नेस्टरनं सायकल पिशवीसकट कुंपणाला सोडली आणि घरात शिरून दार लावलं. तसबीर भिंतीवरून काढली आणि छातीशी धरून दाराला पाठ लावून बसला. अंधार पडला. वारा पडला.

आवाज आला. पत्र्यावर पत्रा घासल्याचा. वाडगा टबात बुडवल्याचा.

मग खाण्याचा. भुकेला माणूस खातो तसा. घाईघाईनं. ओला.

बराच वेळ.

मग चाटण्याचा.

मग पाऊल. पायरीवर. दाराच्या पलीकडे... नेस्टरच्या पाठीपासून एका फळीच्या अंतरावर.

"मालक... गोड होतं."

नंतरचं तो सांगत नाही. ओकाऱ्यांचा आवाज होता एवढंच म्हणतो. आत की बाहेर, विचारलं तर उठून जातो.

सकाळी मी ट्रक घेऊन पोचलो. आता हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. सायकल कुंपणाला होती, एकच. नाकतोड्यांनी तिची सीट आतल्या स्पंजापर्यंत खाल्ली होती. हँडलवरची पट्टी साफ. हातमोज्यांची फक्त शिवण उरलेली. पिशवीला भोकं, सॉसेजची नुसती दोरी. घाम लागलेलं एक बोटभर काही सोडलं नव्हतं त्या हलकटांनी. पायरीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती, इतके बसले होते. गोल करून. पंगतीला बसल्यासारखे, पण कोणी जेवत नव्हतं.

मधे पत्र्याचा वाडगा होता. आतून चाटून लख्ख. आणि त्या वाडग्यात पाव.

नेस्टरचा. अख्खा. एक दात लागलेला नाही, माणसाचा नाही की किड्याचा नाही. मी दार वाजवून नेस्टरला बाहेर काढलं आणि विचारलं, हा तू ठेवलास? त्यानं कुंपणाकडे, पिशवीकडे बोट केलं. पिशवीचं बक्कल बंदच होतं. मग तो पायरीवर बसला आणि रडला. मोठा माणूस, लहान पोरासारखा.

का रडला ते मला रस्त्यात कळलं. ट्रकमध्ये तो पाव मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "हॅरी, आम्ही त्याला चोर म्हणायचो. रात्रभर पाव त्याच्या हाताशी होता. दिला नाही म्हणून त्यानं खाल्ला नाही."

मी खिडकीची काच खाली केली. सगळ्या ट्रकभर काकवीचा वास सुटला होता.

पुढं घर जाळलं. नेस्टरनं पाद्रीबाबांना नेऊन त्या दगडांच्या ढिगाशी प्रार्थना करवली. नाव विचारलं तर नाव नाही, म्हणून बाबांनी 'वाटसरू' म्हटलं. लग्नात आता ती नक्कल कोणी करत नाही. आणि दर सत्तावीस जुलैला नेस्टर त्या फाटकाशी उभा असतो. घर नाही, दार नाही, नुसतं फाटक. गरम जेवण घेऊन, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. या वेळी कोबीचे रोल करणार आहे म्हणे. अजून कोणी आलेलं नाही.

आज सव्वीस. उद्या तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार, म्हणून सांगितलं. नेस्टर दिसला तर थांबा. तो वाढेल ते खा, पोट भरलेलं असलं तरी खा. आणि वाऱ्यात पुढे कोणी कोटवाला दिसला, आडोसा घेतलात, तर मागेल ते द्यायची तयारी ठेवा. हात कसलाही असो त्याचा.

काय? पावाचं काय झालं?

नेस्टरची बायको घरात ठेवू देईना. फेकायचं धाडस कोणाला होईना. डुकरांपुढे टाकला, डुकरं मागे सरली. मुंगी लागत नाही, उंदीर लागत नाही. इथे उंदरांनी साबण खाल्ला, मेणबत्त्या खाल्ल्या. डेव्हिन, तुझ्या डोक्यावरच्या फळीवर निळा डबा आहे बघ. काढ. उघड, घाबरू नकोस... तीन वर्षं झाली त्याला, उद्या.

बोटानं दाब.

... मऊ आहे ना?